भास्कराचार्य : ग्रहगोलापासून पायरीपर्यंत

शालान्त परीक्षा संपली की गणिताच्या पुस्तकाला रामराम ठोकून कला शाखेत आलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आपल्या महाविद्यालयात काही थोडी नाही. गणित म्हणजे रुक्ष, साहित्य म्हणजे रसाळ, अशी एक सोयीस्कर वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. परंतु याच महाराष्ट्राच्या भूमीशी नाते सांगणारा एक गणिती असा होऊन गेला की, त्याचे गणित पंडितांनी गणित म्हणून अभ्यासले आणि रसिकांनी काव्य म्हणून पाठ केले. आकाशातील ग्रहांच्या गती मोजणाऱ्या या पुरुषाला विटांची रास, सागाचे ओंडके, तळ्याची खोदाई आणि वाऱ्याने मोडलेला बांबू हे विषयही क्षुद्र वाटले नाहीत. त्याचे नाव भास्कराचार्य. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबू-सागवानाच्या मुलखात राहणाऱ्या आपणा सर्वांना त्याचे चरित्र विशेष जवळचे वाटावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. प्राचीन ग्रंथकारांच्या काळाबद्दल विद्वानांचे वाद शतकानुशतके चालतात. येथे मात्र ग्रंथकारानेच तो प्रश्न मिटवून टाकला. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड. हे विज्जलविड कोणते, याविषयी एकमत नाही. कोणी खानदेशातील पाटण परिसराकडे बोट दाखवितात, कोणी बीडकडे, तर कोणी विजापूरकडे. गावाचा वाद काहीही असो, घराणे विद्वानांचे होते यात शंका नाही. त्यांचे एक पूर्वज भास्करभट्ट यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घरातच शाळा, घरातच ग्रंथसंग्रह आणि घरातच परीक्षक, अशा वातावरणात हा मुलगा वाढला.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे शके १०७२ किंवा इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग मानले जातात : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात अव्यक्त राशींचे गणित, तिसऱ्यात ग्रहांची गती व ग्रहणे आणि चौथ्यात गोलाचे विवेचन व यंत्रांची माहिती. ज्या प्रकारच्या समीकरणाचे कोडे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने इ. स. १६५७ मध्ये युरोपातील पंडितांपुढे टाकले, त्याचे उत्तर काढण्याची चक्रवाल ही रीत भास्कराचार्यांनी पाचशे वर्षे आधी उदाहरणासह मांडून ठेवली होती. गुणक ६१ असलेल्या त्या उदाहरणातील लहानात लहान उत्तर दहा अंकी आहे. ही त्यांच्या बुद्धीची उंची झाली. पण आपल्याला आज पाहायचे आहे ते या उंचीवरून ते खाली कसे उतरले, आणि सुतार-गवंड्यांच्या शेजारी कसे बसले ते.

लीलावती या नावाभोवती एक सुंदर कथा गुंफली गेली आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा मुहूर्त दाखविणाऱ्या घटिकापात्रात तिच्या अलंकारातील मोती पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि दुःखी कन्येचे नाव अमर करण्यासाठी पित्याने ग्रंथ लिहिला, अशी ती कथा. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी याने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. खुद्द आचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार नाही. ग्रंथात ते कधी बालेला प्रश्न विचारतात, कधी मित्राला, कधी गणकाला, तर कधी वाण्याला. म्हणजे त्यांच्यासमोर एकटी कन्या नव्हती. बाजारात उभा असलेला सारा समाज होता. कथा गोड असली तरी ही गोष्ट मला तिच्याहून मोठी वाटते.

ग्रंथाचा आरंभही असाच बाजारातला आहे. आधी मापे सांगितली आहेत. आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड आणि दोन हजार दंडांचा एक कोस. अंगुळ म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण पाऊण इंच आणि हात म्हणजे साधारण दीड फूट. आपल्याकडे जुनी माणसे आजही कापड आणि बांबू हातानेच मोजताना दिसतात, तोच हा हात. मापे पक्की झाल्यावर आठ परिकर्मे, शून्य, त्रैराशिक, व्याज, श्रेढी म्हणजे चढत्या संख्यांची मालिका, आणि मग क्षेत्रव्यवहार म्हणजे भूमिती.

भूमितीचा पाया काटकोन त्रिकोणाचा. त्याच्या आडव्या बाजूला भुजा, उभ्या बाजूला कोटी आणि तिरप्या बाजूला कर्ण म्हणतात. भुजेचा वर्ग व कोटीचा वर्ग यांची बेरीज करून मूळ काढले की कर्ण मिळतो. आचार्यांचे पहिले उदाहरण सर्वांत साधे : कोटी ४, भुजा ३, तर कर्ण ५. आपल्या गावातला गवंडी घराचा पाया आखताना दोरीवर तीन, चार आणि पाच अशी मापे घेऊन कोपरा काटकोनात आहे की नाही हे तपासतो, ते हेच गणित. त्याने लीलावतीचे नाव ऐकलेले नसेल, पण लीलावतीतला त्रिकोण त्याच्या दोरीत आहे. बीजगणितात आचार्यांनी या नियमाची उपपत्तीही दिली आहे. १५ व २० बाजूंचे चार सारखे त्रिकोण घ्यावेत आणि त्यांचे कर्ण बाहेर येतील असे मांडावेत. एक मोठा चौरस तयार होतो आणि मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे क्षेत्र ६०० आणि लहान चौरसाचे २५, मिळून ६२५. म्हणजे कर्ण २५. कागदाचे तुकडे कापून कोणीही हे ताडून पाहावे.

यानंतर येणारे बांबूचे उदाहरण तर जणू आपल्याच जंगलातून उचलले आहे. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा बांबू उभा आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. उरलेला २० हातांचा तुकडा हा कर्ण, १६ हात ही भुजा आणि १२ हात ही कोटी. नीट पाहिले तर हा तीन-चार-पाचचाच त्रिकोण, चौपट मोठा केलेला. त्याच प्रकरणात नऊ हातांच्या खांबावर बसलेला मोर आहे, खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे येणारा साप आहे, वाऱ्याने पाण्यात बुडालेले कमळ आहे. चित्रे बदलतात, त्रिकोण तोच राहतो.

आता या गणिताचा उपयोग एका अगदी साध्या बांधकामात करून पाहू : ओट्यावर चढणाऱ्या विटांच्या पायऱ्या. ही मांडणी आपली आहे. पण तिच्यासाठी लागणारी वीट मात्र आचार्यांच्या पुस्तकातलीच घेऊ. लीलावतीत चितिव्यवहार नावाचे विटांच्या राशीचे प्रकरण आहे. तेथील वीट १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद आणि ३ अंगुळे जाड आहे. ८ हात लांब, ५ हात रुंद व ३ हात उंच राशीत अशा विटा किती आणि थर किती, असा प्रश्न आहे. उत्तर : २५६० विटा आणि २४ थर.

आपला ओटाही ३ हात उंच आहे असे धरू. म्हणजे ७२ अंगुळे. जिना आखणाऱ्याचे पहिले काम ही उभी उंची ओळंब्याने नेमकी मोजण्याचे. दुसरे काम ती सारख्या भागांत वाटण्याचे. विटांचे तीन थर मिळून ९ अंगुळे होतात. तेवढी एका पायरीची उंची घेतली तर ७२ ला ९ ने भागून ८ पायऱ्या येतात. विटेची रुंदी १२ अंगुळे. तेवढी पाऊल ठेवण्याची जागा. आठवी पायरी ओट्याच्या पातळीत येते असे धरले, तर जमिनीवर लागणारी जागा ८ गुणिले १२, म्हणजे ९६ अंगुळे किंवा ४ हात. ओट्याची उंची ३ हात, पायऱ्यांची आडवी जागा ४ हात. मग तिरपी लांबी किती? भुजा-कोटीच्या नियमाने ५ हात. प्रत्येक पायरीचे पाहिले तरी ९, १२ आणि १५ अंगुळे. लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण यांचे प्रमाण एकच. आधाराला तिरपी तुळई लावायची असेल तर दुकानातून किती लांब आणावी, हे विटेला हात लावण्यापूर्वीच कळते.

विटा किती लागतील? येथे श्रेढी उपयोगी पडते. भरीव जिन्यात पहिल्या पायरीखाली एक ठोकळा, दुसरीखाली दोन, अशा रीतीने आठवीखाली आठ. एक ते आठ यांची बेरीज करण्यासाठी ८ ला ९ ने गुणून निम्मे करायचे : ३६ ठोकळे. जिना ३ हात रुंद असेल, तर १८ अंगुळांच्या चार विटा शेजारी शेजारी बसतात आणि तीन थर मिळून एका ठोकळ्यात १२ विटा होतात. म्हणून ३६ गुणिले १२, एकूण ४३२ विटा. चुन्याचा किंवा सिमेंटचा दर्जा धरला तर त्यात थोडा फरक पडेल. पण गवंड्याने हजार विटा मागितल्या तर त्या कशाला, एवढे विचारण्याचा अधिकार या हिशेबाने घरमालकाला मिळतो. आणि मालकाने तीनशेंत काम उरक म्हटले तर नाही म्हणण्याचा अधिकार गवंड्यालाही मिळतो.

उंची सारख्या भागांत वाटण्याचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पावलाला उंचीची सवय होते आणि नजर पायऱ्यांवरून उठते. मग एखादी पायरी दोन अंगुळांनी उंच निघाली तर माणूस ठेचकाळतो. ओटा ७२ ऐवजी ७४ अंगुळे निघाला, तर जादा दोन अंगुळे शेवटच्या पायरीवर टाकणे ही आळशी माणसाची वाटणी. आठही पायऱ्यांना सव्वानऊ अंगुळे देणे ही गणिताची वाटणी. अशा वेळी कर्णाचे मूळ पूर्णांकात येत नाही. त्याचीही सोय आचार्यांनी केली आहे : संख्येला मोठ्या वर्गाने गुणावे, मूळ काढावे आणि मग भागून घ्यावे, पाहिजे तेवढे जवळचे उत्तर मिळते. दोन्ही बाजू सव्वातीन असलेल्या त्रिकोणाचा कर्ण त्यांनी या रीतीने काढून दाखविला आहे. खऱ्या उत्तराशी तो तीन दशांश स्थळांपर्यंत जुळतो. अचूकता कोठे हवी आणि अंदाज कोठे चालतो, हे सांगणारा हा व्यवहारी गुरू होता.

वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे जी मंदिरे उभी आहेत, ती भास्कराचार्यांच्या काळाच्या आगेमागेची मानली जातात. ती उभारणाऱ्या शिल्पकारांनी लीलावती वाचली असेल असे म्हणण्याचे कारण नाही. दोरी, ओळंबा आणि गुण्या हीच त्यांची पोथी. आचार्यांचे थोरपण असे की, कारागिराच्या हातातले हे ज्ञान त्यांनी नियमात बांधले आणि ते शिकवता येईल असे केले. हातातले ज्ञान हाताबरोबर जाते. नियमात आलेले ज्ञान दुसऱ्या गावाला, दुसऱ्या पिढीला पोचते.

लाकूड कापण्याच्या हिशेबासाठी त्यांनी क्रकचव्यवहार असे वेगळे प्रकरण लिहिले आहे. क्रकच म्हणजे करवत. उदाहरणातील लाकूड बुंध्याशी २० अंगुळे, शेंड्याशी १६ अंगुळे आणि १०० अंगुळे लांब आहे; त्याला चार काप द्यायचे आहेत. बुंधा व शेंडा यांची सरासरी १८. तिला लांबीने व कापांच्या संख्येने गुणले की ७२०० चौरस अंगुळे, म्हणजे साडेबारा चौरस हात. एवढ्या कापकामाची मजुरी द्यायची. आलापल्लीच्या सागवानाचे आणि बल्लारपूरच्या लाकूड आगाराचे नाव ज्यांनी लहानपणापासून ऐकले आहे, त्यांना या उदाहरणाची वेगळी फोड करून सांगण्याची गरज नाही. खोदाईचेही तसेच. तळे सगळीकडे सारखे खोल नसते, म्हणून लांबी, रुंदी व खोली तीन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ५, ६, ७ हात आणि खोली २, ३, ४ हात असेल तर खोदाई १९८ घनहात. आपल्या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांचे खोलीकरण असो की रोजगार हमीचे मातीकाम असो, केलेल्या खोदाईचे माप घेऊनच मजुरी ठरते. खड्ड्याची खोली एकाच ठिकाणी, आणि तीही उथळ ठिकाणी मोजली, तर घाम गाळलेल्या माणसाचे किती नुकसान होते, हे या एका उदाहरणावरून कळावे.

याच प्रकरणांच्या शेवटी आचार्यांनी एक नियम सांगितला आहे, आणि मला तो त्यांच्या साऱ्या गणितापेक्षा मोलाचा वाटतो. विटांची रास, दगडांची रास, खोदाई आणि कापकाम यांचा मोबदला कामकऱ्यांच्या संमतीने आणि पदार्थाच्या मऊ-कठीणपणानुसार ठरवावा, असा त्याचा आशय आहे. काम किती झाले हे गणित सांगेल; त्याचे मोल किती हे मात्र करणाऱ्याला विचारून ठरवायचे. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका दरबारी परंपरेतल्या पंडिताने करवत ओढणाऱ्याच्या होकाराला शास्त्रग्रंथात जागा द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे.

वयाच्या ६९ व्या वर्षी, शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पंचांग करणाऱ्यांना सोप्या रीतीने ग्रहगणित करता यावे हा त्याचा हेतू. छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्त आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर सोपे पाठ्यपुस्तक, हा क्रमही बोलका आहे. पुढे त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाळ याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला, आणि इ. स. १२०७ मध्ये तेथील निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या शिलालेखामुळे हा वृत्तान्त कळला. लेख संस्कृतात आहे. पण बाजारात येणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठाला द्यावा हा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे. ज्यांनी द्यायचे त्यांना कळावे म्हणून त्यांच्या भाषेत लिहिले. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराने उचलावा, हे भास्कराचार्यांच्या गणिताला शोभण्यासारखेच झाले.

पुढे या ग्रंथांवर टीका झाल्या. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर निघाले. मराठीत ना. ह. फडके यांचे लीलावती पुनर्दर्शन १९७१ साली प्रसिद्ध झाले, आणि संस्कृत न जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही ग्रंथाचे दार उघडले. भारताने १९७९ व १९८१ साली अवकाशात सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हेच नाव देण्यात आले.

उपग्रहाला नाव देणे हा मोठा सन्मान खरा. पण आचार्यांचे स्मरण जमिनीवरही व्हायला हवे. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री केली. बांबू आपला झाला की त्याची लांबी, संख्या आणि हिशेबही आपल्यालाच करावा लागतो. माप दुसऱ्याच्या हाती असेल तर हक्काचा कागद असूनही माणूस परावलंबी राहतो. आपल्यातील अनेकजण उद्या शिक्षक होतील, ग्रामसेवक होतील, तलाठी होतील, काही ग्रामसभेत बसतील. त्यांच्यासमोर कोणी खड्ड्याचे माप, लाकडाचा हिशेब किंवा समाजमंदिराच्या पायऱ्यांचा आराखडा ठेवील. आपण कला शाखेचे, असे म्हणून त्या वेळी मान फिरवता येणार नाही. ज्याने ग्रहगोल मोजले त्याने विटाही मोजल्या. आपल्याला निदान विटा मोजता यायला हव्यात, आणि मोजून झाल्यावर त्या वाहणाऱ्याला त्याचे मोल विचारता यायला हवे.